मुकी दाढ

हृदयाच्या दुखण्यावर आपल्या वाङ्मयात जेवढी शाई खर्च झाली आहे, तिचा शंभरावा हिस्साही दातदुखीच्या वाट्याला आला नसेल. हा मोठा अन्याय आहे आणि त्यात मीही सामील आहे. आजवर लिहिलेल्या तीन कादंबऱ्यांत माझ्या नायकांना मी विरह दिला, दारिद्र्य दिले, एकाला तर क्षयही दिला. पण एकाचीही दाढ मी कधी दुखू दिली नाही. हाताने गाल धरून बसलेला नायक वाचकांना रुचणार नाही, अशी भीती मनात असावी. खरेच आहे. गालावर हात ठेवलेला माणूस एक तर विचारमग्न दिसतो, नाही तर हास्यास्पद. तो दुःखी आहे हे काही केल्या कुणाला पटत नाही.

माझ्या नायकांना मी जे दिले नाही, ते गेल्या वर्षी माझ्याच वाट्याला आले.

गणपती पोहोचवून आठवडा झाला असेल. संध्याकाळी शाळेतून आलो, चहाचा पहिला घोट घेतला आणि खालच्या डाव्या दाढेतून अशी कळ निघाली, की ती कानातून जाऊन डोक्यात कुठेतरी फुटली. कप खाली ठेवला आणि गार पाण्याची चूळ तोंडात धरली. कळ थांबली. पाणी कोमट होताच पुन्हा सुरू झाली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दाढेत घण पडू लागत. उठून बसले की जरा बरे वाटे. दोन वाजता हातात पाण्याचा तांब्या घेऊन मी ओसरीवर येरझाऱ्या घालीत होतो. सौ.ने दाढेत लवंग धरायला दिली. लवंगेने जीभ, टाळा आणि हिरडी बधिर झाली. दाढ तेवढी शुद्धीवर होती.

आमच्या घरात दातांच्या बाबतीत अखेरचा शब्द आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे वडील. वाईच्या एस.टी. डेपोत त्यांनी बत्तीस वर्षे कंडक्टरची नोकरी केली, आणि "बत्तीस वर्षांत बत्तीस दात दिले, हिशेब चोख आहे," असे ते स्वतःच सांगतात. आज त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि तोंडात पूर्ण कवळी आहे. त्यांचे एक सूत्र आहे. ते मी शाळेच्या शिक्षकखोलीत कितीदा तरी रंगवून सांगितले आहे आणि दर वेळी हशा मिळवला आहे. आप्पा म्हणतात, "भांडतो तो उतारू घाटात उतरवावा आणि दुखतो तो दात उपटावा. दोघांनाही समजावत बसलं, तर गाडी पुढं जात नाही."

त्या रात्रीही ओसरीवरच्या खाटेवरून अंधारात आवाज आला, "उपटून टाक."

पण मला दात उपटण्याची भीती वाटते आणि दात राखण्यासाठी जे करतात त्याची त्याहून अधिक वाटते. 'रूट कॅनॉल' हे शब्द ऐकले की पूर्वी माझे हातपाय गार पडत. तेव्हा मी तिसरा मार्ग पत्करला. औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि वाट पाहिली. सहाव्या दिवशी सकाळी जागा झालो तो सारे शांत! भीत भीत कोमट चहा घेतला, मग गरम घेतला, मग कढत घेतला. दाढेने हूं की चूं केले नाही. माझ्या सहनशीलतेपुढे तिने हात टेकले, असे मी मानले आणि तसे चारचौघांत सांगितलेही.

धनत्रयोदशीच्या दिवशी सौ.ने चकलीचा पहिला घाणा तळला आणि मीठ-तिखट पाहायला म्हणून एक माझ्या हातावर ठेवली. दोन दिवस ती दाढ इतर दातांपेक्षा जरा उंच झाल्यासारखी वाटत होती. तिच्यावर जेव्हा चकलीचा तुकडा आला, तेव्हा दिवाळीच्या आधीच माझ्या डोळ्यांपुढे फुलबाज्या उडाल्या. तिन्हीसांजेला आरशात पाहिले, तर डावा गाल बुंदीच्या लाडवासारखा फुगलेला.

सौ. म्हणाली, "अहो, आज धन्वंतरीचा दिवस. आज डॉक्टरांकडे जायला मुहूर्तसुद्धा बघायला नको."

आमच्या गावातली दातांची डॉक्टरीण ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी चित्रकलेचा मास्तर. दहावी झालो, इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली आणि पुण्याला कलाशिक्षकाचा कोर्स करून याच शाळेत लागलो. तेव्हापासून रेघा मारतो आहे आणि मारवून घेतो आहे. ही मुलगी सातवीत असताना सफरचंदे काढायला सांगितली की वांगी काढीत असे. मी तिला 'क' श्रेणी दिली होती. ती तिला आठवत असेल काय, असा विचार करीत मी त्या लांबलचक खुर्चीवर आडवा झालो. भिंतीवर धन्वंतरीच्या तसबिरीला झेंडूचा हार होता. समोर चकचकीत हत्यारे मांडलेली होती.

"सर, तुम्ही आम्हांला सांगायचात, रेघ मारताना हात कापायला नको," ती हातमोजे चढवीत म्हणाली. "बघा, आता माझा हात कापत नाही."

माझे मात्र सगळेच कापत होते.

तिने दाढेमागे एक छोटीशी पट्टी धरली आणि क्षणात समोरच्या पडद्यावर दाढेचे चित्र उमटले. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनने क्ष-किरण शोधले, आणि दोनच महिन्यांनी ऑटो वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचे पहिले चित्र घेतले. त्यासाठी बिचाऱ्याला तोंडात काचेचा तुकडा धरून पंचवीस मिनिटे निश्चल पडून राहावे लागले होते. हे मी मागाहून वाचले. माझे काम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत झाले. चित्रात दाढेची दोन मुळे पांढुरकी दिसत होती आणि मुळे संपत होती तिथे एक काळपट गोल छटा होती.

मास्तर कुठेही गेला तरी मास्तरच. मी तोंड सावरीत म्हटले, "इथे शेडिंग जरा जास्त झालंय."

"ते शेडिंग नाही, सर," ती म्हणाली. "तिथलं हाड विरघळलंय."

मग तिने औषधे लिहून देण्याचा कागद उलटा केला, पेन्सिल घेतली आणि दाढ काढली. चित्र चांगले होते. वांगे दिसत नव्हते. ती सांगत गेली आणि मी, इतकी वर्षे दुसऱ्याला शिकवणारा माणूस, पहिल्या बाकावरच्या पोरासारखा ऐकत राहिलो.

दाताचे बाहेरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, हा सबंध शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याला संवेदना नाही. त्याच्या आत डेंटीनचा थर आणि त्याच्याही आत, अगदी गाभ्यात, दाताचा मऊ गर. या गरात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. त्या मुळाच्या टोकाशी असलेल्या सुईच्या अग्राएवढ्या वाटेने आत येतात. दात किडतो तेव्हा कीड वरून खाली पोखरत येते आणि एके दिवशी गराला जाऊन भिडते. (मी त्या दाढेतला खड्डा सात-आठ वर्षे काडीने कोरीत होतो, हे कबूल करून टाकतो.) मग गर सुजतो. अंगावर इतरत्र सूज आली तर कातडी ताणते, सुजेला जागा देते. दाताच्या पोटात जागा कुठून येणार? चोहोबाजूंनी दगडी भिंती. म्हणून त्या रात्रीचे ते घण. म्हणून आडवे झाल्यावर, डोक्याकडे रक्त अधिक चढल्यावर, ते जास्त जोराने पडत होते.

"आणि मग ते थांबले," मी म्हणालो.

"थांबणारच. गराचा रक्तपुरवठा बंद पडला आणि तो मेला. नस मेली की दुखणार काय? पण जंतू तिथंच राहिले. मेलेल्या गरावर ते वाढले आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरले. आणि गोळ्यांचं म्हणाल, तर गोळी रक्ताबरोबर चालते. जिथे रक्तच जात नाही तिथे ती पोचणार कशी?"

"म्हणजे मला बरं वाटलं तेव्हा..."

"तेव्हा तुमची दाढ मेली, सर. दुखत होती तोवर निदान जिवंत होती. खरं म्हणजे दुखणं थांबलं त्या दिवशीच तुम्ही यायला हवं होतं."

मी आप्पांचे सूत्र तिला ऐकवले. ती हसली. काढणे हाही उपाय आहे, म्हणाली. मूळ उभे चिरले असेल, किंवा वर बांधण्यापुरताही दात उरला नसेल, तर काढावाच लागतो. पण ही दाढ वाचण्यासारखी होती. ती काढली तर शेजारचे दात रिकाम्या जागेत झुकतात, वरची दाढ खाली उतरू लागते, आणि एकीच्या जाण्याने सारी ओळ बिघडते. शिवाय ही काही साधी दाढ नव्हे. मूल सहाव्या वर्षात येते, पहिलीच्या वर्गात जाऊन बसते, तेव्हा दुधाच्या दातांच्या मागे ही गुपचूप उगवते. कुठलाही दात पडलेला नसतो, त्यामुळे आईबापांना वाटते हीही दुधाचीच. किडली तरी पडून दुसरी येईल. ती दुसरी कधीच येत नाही. साठ-सत्तर वर्षे चावायचे ते हिनेच.

त्या दिवशी तिने पुरते काम केले नाही. सुजलेल्या जागी बधिरतेचे औषध नीट चढत नाही, म्हणून तिने दूर, जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन दिले. अर्धा ओठ आणि अर्धी जीभ परक्याची झाली. मग तिने दाढेला वरून भोक पाडले आणि आत कोंडलेल्या घाणीला वाट करून दिली. इतक्या दिवसांचा दाब उतरला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते वेदनेचे नव्हते. गोळ्याही दिल्या. "या गालाच्या सुजेसाठी, दाढेसाठी नव्हेत," असे बजावून दिल्या. आणि ताप चढला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना अडचण वाटली, तर दिवाळी आहे, उद्या बघू असे न म्हणता तडक मोठ्या दवाखान्यात जायचे, असेही सांगितले. दाताचे विष मानेत उतरले तर जिवावर बेतू शकते. सुदैवाने तसे काही झाले नाही. नरकचतुर्दशीला मी शिऱ्यावर भागवले.

भाऊबीज झाल्यावर खरे काम सुरू झाले. कॅनॉल म्हणजे कालवा. आम्ही धोम धरणाच्या कालव्याखालची माणसे. कालव्यातला गाळ काढणे ही काय चीज असते ते आम्हांला ठाऊक आहे. माझ्या दाढेत मुळे दोन, पण कालवे तीन निघाले. पुढच्या मुळात दोन आणि मागच्यात एक. बहुधा असेच असते म्हणे. तिने दाढेभोवती रबराचा एक पातळ पडदा ताणून बसवला. त्यामुळे तोंडातली लाळ, म्हणजेच तोंडातले जंतू, दाढेत उतरत नाहीत आणि हातातले बारीक हत्यार चुकून घशात जात नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एका दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून असे पहिले हत्यार केले म्हणतात. आता त्या बारीक कानशी असतात, केसासारख्या लवचीक, आणि त्यांच्या मुठी रंगीत! मी आडवा पडून रंग मोजत होतो. जांभळी, मग पांढरी, मग पिवळी, मग तांबडी. जांभळीचा नंबर दहा, म्हणजे तिचे टोक मिलिमीटरच्या दहा शतांश जाडीचे. पांढरी पंधरा, पिवळी वीस, तांबडी पंचवीस. एवढ्या शिस्तीने मांडलेले रंग मी कुठल्याही विद्यार्थ्याच्या पेटीत पाहिलेले नाहीत.

कालवा किती खोल आहे हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक छोटे यंत्र असते. त्याचा एक आकडा ओठाला अडकवतात, दुसरे टोक कानशीला, आणि कानशी मुळाच्या टोकाशी पोहोचली की यंत्र शिटी देते. बसच्या घंटीची दोरी ओढल्यासारखे! मग कालवे एका तीव्र वासाच्या द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतले. कपडे पांढरे करायला जे औषध वापरतात, त्याच जातीचे ते असते. जंतूही त्याने मरतात आणि मेलेला गरही विरघळतो. दुखले काय? खोटे कशाला सांगू, इंजेक्शनची सुई टोचली तेवढेच दुखले. १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने लिग्नोकेन तयार केले. आज दंतवैद्याच्या खुर्चीत पडणाऱ्या लक्षावधी माणसांवर त्याचे उपकार आहेत. पुढे दोन-तीन दिवस चावताना ठणकत होते, तेही साध्या गोळीने ओसरले. इतकी वर्षे मी ज्याला भीत होतो ते हेच का, असे वाटून मला माझीच लाज वाटली.

शेवटी कालवे कोरडे करून कायमचे बुजवले. ज्या पदार्थाने बुजवतात त्याचे नाव गटापर्चा. मलायाच्या बाजूला होणाऱ्या एका झाडाचा हा चीक. १८६७ पासून तो दातांच्या मुळांत भरला जात आहे. समुद्रातून टाकलेल्या तारांवरही याच चिकाचे वेष्टन असे. १८७० साली मुंबईहून एडनकडे जी तार समुद्रातून गेली, तिच्यातून जाणाऱ्या निरोपांना पाण्यापासून याच चिकाने जपले होते. आता तो माझ्या दाढेत पहारा देत बसला आहे. हा चीक जागी धरून ठेवायला जो लेप लावला, त्याचा वास मला ओळखीचा वाटला. मी रबराच्या पडद्याआडून डोळ्यांनीच विचारले.

"लवंग, सर," ती म्हणाली. "लवंगेच्या तेलातलाच अर्क आहे. घरातल्या बायका काही अगदीच चुकत नव्हत्या. फक्त लवंग दाराबाहेर राहायची. आम्ही आत नेतो."

पोखरलेली दाढ ठिसूळ होते, चावताना फुटू शकते, म्हणून पुढे तिच्यावर टोपी बसवली. हे काम दर वेळी यशस्वी होतेच असेही नाही. एखादी बारीक वाट नजरेआड राहिली तर पुन्हा करावे लागते. माझ्या बाबतीत चैत्रात पुन्हा फोटो घेतला, तेव्हा ते काळे शेडिंग खोडरबर फिरवल्यासारखे फिकट झाले होते. हाड भरून येत होते.

एवढ्यावर हा लेख संपला असता, आणि 'एका दाढेची गोष्ट' म्हणून तुम्ही फराळाबरोबर वाचून बाजूला ठेवला असता. पण ज्या दिवशी कालवे बुजवून मी घरी आलो, त्या दिवशीची संध्याकाळ राहिली आहे.

नवे काही कळले की ते कुणाला तरी शिकवल्याशिवाय मास्तरला चैन पडत नाही. मी वहीचा कागद घेऊन आप्पांसमोर बसलो. ते चहा पीत होते. दाढ काढून दाखवली, गर दाखवला आणि म्हणालो, "आता बघा, आप्पा, मुळं किती आहेत..."

"मुळं दोन आणि वाटा तीन," आप्पा म्हणाले. "ठाऊक आहे मला."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"पुण्याला दाखवली होती. शहाण्णव साली. त्या डॉक्टरांनी असंच चित्र काढलं होतं. तुझ्यापेक्षा बरं होतं."

"मग?"

"मग काय? दाढ वाचंल म्हणाले. तीनदा यायला सांगितलं, पैसे सांगितले. त्याच आठवड्यात तुझ्या कोर्साची सहामाही भरायची होती. काढायला पुष्कळ कमी पडले." त्यांनी चकलीचा तुकडा चहात बुडवला. "दाढ काय, काढली की दुखायची थांबते."

१९९६ साल. माझे वय सतरा. आप्पांची तेव्हा वाई-स्वारगेट ड्यूटी असे. एका दुपारी ते माझ्या खोलीवर आले होते, खाकी कपड्यांतच. गाल सुजलेला, ओठांच्या कोपऱ्यातून कापूस दिसत होता. मी विचारले तर म्हणाले, खंबाटकीच्या घाटात गाडीने वळण घेतले आणि दांड्यावर आपटलो. आतल्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून त्यांनी माझ्या हातात दिल्या. मी त्या मोजल्या. आणि मोजून झाल्यावर, मला नीट आठवते, मी म्हणालो होतो की जलरंगांची पेटीही घ्यायची आहे. त्यांनी पेटीचेही पैसे दिले.

त्या एका दाढेनंतर शेजारच्या हलल्या, मग त्यापुढच्या. उपटण्याचे सूत्र आप्पांनी त्याच सुमारास बनवले असावे. मी ते विनोद म्हणून इतकी वर्षे लोकांना सांगत होतो. ते विनोद म्हणूनच ऐकले जावे अशी त्यांचीही इच्छा होती, हे आता मला कळते.

मी त्यांच्या बशीकडे पाहिले. चहात भिजवलेली चकली. गेले कित्येक महिने ते प्रत्येक पदार्थ असाच भिजवून खात होते. म्हाताऱ्या माणसाची लहर म्हणून आम्ही कुणी तिकडे लक्ष दिले नव्हते.

"आप्पा, तोंडात काही दुखतंय का?"

"छे! काही दुखत नाही."

या वाक्याची किंमत मी महिनाभरापूर्वीच शिकलो होतो. "कवळी काढून दाखवा," मी म्हणालो. ते रागावले. उठून जाऊ लागले. शेवटी सौ. पुढे झाली, "आप्पा, मला तरी दाखवा," म्हणाली, आणि तिच्यापुढे त्यांचे काही चालले नाही. खालच्या हिरडीवर कवळीच्या काठाने खोल जखम केली होती. केव्हापासून आहे म्हणून विचारले, तर म्हणाले, "श्रावणात लागलं असंल." तेव्हा कार्तिक चालू होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच खुर्चीवर बसवले. दात गेल्यावर जबड्याचे हाड वर्षावर्षाने झिजत जाते. कवळी मात्र तेवढीच राहते, मग ती हलते आणि घासते. डॉक्टरीणबाईंनी कवळीचा काठ घासून गुळगुळीत केला, रात्री ती काढून पाण्यात ठेवायला सांगितले, आणि आप्पा बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, "कारण काढून टाकल्यावर जखम दोन आठवड्यांत भरायला हवी. नाही भरली तर तुकडा काढून तपासावा लागेल. आजोबांनी पूर्वी तंबाखू खाल्लीय ना?"

खाल्ली होती. वीस वर्षे.

ते दोन आठवडे कसे गेले ते मी लिहिणार नाही. माझ्या नायकांना मी दिलेल्या सगळ्या दुःखांत असे दोन आठवडे कुठेही नाहीत. रोज रात्री आप्पा आधी कुरकुर करीत, मग तोंड उघडीत, आणि मी बॅटरीच्या उजेडात पाही. दहाव्या दिवशी कड गुलाबी दिसू लागली. चौदाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पाहिले आणि मान हलवली. जखम भरली होती. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो तेव्हा आप्पा म्हणाले, "तुझी दाढ पुन्हा दुखाय लागली काय?"

संक्रांतीला त्यांची नवी कवळी आली.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पहिलीच्या वर्गात एक तास मागितला. फळ्यावर रंगीत खडूने मोठी दाढ काढली. मुलांना आ करायला लावले आणि दुधाच्या दातांमागे कुणाकुणाची नवी दाढ उगवली आहे ते पाहिले. एकवीस जणांची उगवली होती. तिघांची आत्ताच काळी पडू लागली होती. त्यांच्या पालकांना बोलावून सांगितले, ही दुधाची नव्हे, पुन्हा येणार नाही. पैशांची अडचण असेल तर सरकारी दंतमहाविद्यालयांत कमी खर्चात काम होते. एका मुलीचा बाप म्हणाला, "पण गुरुजी, तिला काही दुखत नाही." मी त्याला बसवून घेतले आणि कागद-पेन्सिल काढली.

हे लिहितो आहे तो भाद्रपद महिना आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या घरी कढई चढली असेल. आमच्याकडे परवाच सौ.ने नव्या भाजणीचा नमुना म्हणून चार चकल्या तळल्या. आप्पांनी एक उचलली. चहाचा कप शेजारी होता, पण त्यांनी तो ओढला नाही. काडकन आवाज झाला. आम्ही दोघेही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

त्यांनी सावकाश चावले, गिळले, आणि म्हणाले, "भाजणी जरा कमी भाजलीय."

मी सौ.कडे पाहिले. आपल्या भाजणीला कुणी नावे ठेवलेली तिला खपत नाही. त्या दिवशी तिने दुसरी चकली त्यांच्या बशीत ठेवली.